शनिवारी इमारत रिकामी असते

डोळ्यांच्या त्या हॉस्पिटलात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. तिच्या पदाचं खरं नाव लांबलचक आणि भारदस्त होतं, पण ते फक्त पगाराच्या स्लिपवर छापलेलं असे आणि जागा पुरत नसल्यामुळे तिथेही अर्धंच. काम मात्र एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं. हॉस्पिटलातलं जे जे पडद्यावर दिसतं, ते दिसत राहिलं पाहिजे. ते दिसत असताना तिची कुणाला आठवण येत नसे. बंद पडलं की तिचा नंबर झाडूवाल्यापासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना पाठ असे.

तिचे साहेब म्हणजे डिजिटल विभागाचे संचालक. त्यांच्या बोलण्यात ‘दूरदृष्टी’ हा शब्द इतक्या वेळा येई, की नर्सेसनी त्यांचं नाव दूरदृष्टी साहेब ठेवून टाकलं होतं. नाव चपखल बसलं होतं. पाच वर्षांनंतरचं सगळं त्यांना लख्ख दिसे, फक्त नाकासमोरचं दिसायची मारामार. असा माणूस डोळ्यांच्या हॉस्पिटलात कामाला आहे आणि एकाही डॉक्टरने त्याला अजून तपासलेलं नाही, याचं सर्व्हरबाईला राहून राहून नवल वाटे.

हे साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना एक कापडी पिशवी, एक पाण्याची बाटली आणि एक शब्द घेऊन आले. शब्द होता ‘व्हर्च्युअलायझेशन’.

“आपण हे आणलं पाहिजे,” ते म्हणाले.

“सर, ते आपल्याकडे आहे. मी इथे लागायच्या आधीपासून आहे.”

साहेबांचा चेहरा उतरला. पण मोठ्या पदावर असा उतरलेला चेहरा फार वेळ ठेवून चालत नाही. ते लगेच म्हणाले, “मग त्याची नवी आवृत्ती घेऊ या.”

आता हा प्रकार काय, तर एका दणकट लोखंडी पेटीत आठ-दहा कंप्युटर बिऱ्हाडं करून राहतात. खरी पेटी एकच. पण आतलं सॉफ्टवेअर प्रत्येक बिऱ्हाडकरूला असं काही भासवतं, की त्याला वाटावं ही सगळी जागा आपल्या एकट्याचीच. नावनोंदणीचं यंत्र, रुग्णांच्या कागदपत्रांचं यंत्र, औषधांच्या दुकानाचं यंत्र, टोकनच्या पाटीचं यंत्र, सगळी त्या एका पेटीत गुण्यागोविंदाने नांदत होती. आणि नांदत असलेल्या घराचा पाया उकरून नवा घालायचा, बिऱ्हाडं मात्र जागची हलवायची नाहीत, याला साहेब अपग्रेड म्हणत होते.

सर्व्हरबाईने आधी चाचणी घेऊ म्हटलं. साहेब म्हणाले, चाचणी म्हणजे अविश्वास. तिने दुसरी पेटी भाड्याने मागितली. साहेब म्हणाले, बघू. तिने रविवार मागितला. साहेब म्हणाले, “रविवारी मी उपलब्ध नाही. शनिवारी दुपारी करा. शनिवारी दुपारी इमारत रिकामी असते.”

साहेबांनी काय करण्यासाठी उपलब्ध असायचं होतं, हे तिने विचारलं नाही. नोकरी टिकवायची तर काही प्रश्न गिळावे लागतात, आणि सर्व्हरबाईची पचनशक्ती एव्हाना चांगली झाली होती.

शनिवारी ती जेवण उरकून सर्व्हर रूममध्ये शिरली. सर्व्हर रूम म्हणजे वरच्या मजल्यावर धुतलेल्या चादरींच्या कोठीमागची एक अरुंद खोली. एसीचा गारवा, पंख्यांची घरघर आणि साबणाचा वास. तिने एकेक बिऱ्हाड रीतसर झोपवलं, प्रती घेतल्या आणि अपग्रेड सुरू केलं. मध्ये एकदा पडदा काळा झाला, पण अशा कामात पडदा काळा व्हायचाच. पेटी उठली, बसली, पुन्हा उठली. मग एकामागून एक सगळी यंत्रं जागी झाली आणि प्रत्येकासमोर हिरवा ठिपका लागला. एकही लाल नाही, एकही पिवळा नाही. सर्व्हरबाईने खुर्चीला पाठ टेकली आणि थर्मास उघडला.

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतोय तोच फोन वाजला. खालच्या स्वागतकक्षातून.

“सर्व्हरबाई, काहीच उघडत नाहीये हो! हॉल भरलाय नुसता!”

“हॉल भरलाय? आज? कशाने?”

“ज्येष्ठांची मोफत तपासणी आहे ना! तुम्हाला नाही माहिती? साहेबांनीच तर मंजूर केलीय. म्हणाले, शनिवारी दुपारी इमारत रिकामीच असते.”

सर्व्हरबाईने थर्मासचं झाकण लावलं. फार सावकाश लावलं, कारण ते भिंतीवर फेकायचा मोह होत होता.

तिने तपासायला सुरुवात केली. आपल्या कंप्युटरवरून नावनोंदणीच्या यंत्राला हाक मारली. उत्तर नाही. कागदपत्रांच्या यंत्राला मारली. उत्तर नाही. पण पेटीच्या व्यवस्थापनाचा पडदा उघडत होता आणि त्यातल्या झरोक्यातून तिला प्रत्येक बिऱ्हाडाच्या आत डोकावता येत होतं. आत सगळं आलबेल. नावनोंदणीच्या यंत्रात शिरून तिने कागदपत्रांच्या यंत्राला विचारलं, आहेस का? ते ताबडतोब म्हणालं, आहे. मग पेटीबाहेरच्या जगाला विचारलं. चिडीचूप.

म्हणजे मंडळी जिवंत होती, धडधाकट होती, एकमेकांशी गप्पाही मारत होती. दाराबाहेर मात्र कुणाचा आवाज जात नव्हता.

तेवढ्यात साहेबांनी आणीबाणीचा कॉल उघडला. यात आधी सर्व्हरबाई, मग साहेब, मग साहेबांच्या सांगण्यावरून नेटवर्कच्या ठेकेदार कंपनीचा मॅनेजर, मग लेखा विभाग, मग जनसंपर्क, मग कुणीतरी एक बाई ज्या शेवटपर्यंत कोण होत्या ते कळलं नाही. सर्व्हरबाई सोडून सगळे आपापल्या घरून. कुणाच्या मागे कुकर, कुणाच्या मागे टीव्हीवरची मॅच.

“अपडेट काय आहे?” साहेबांनी विचारलं.

“शोधतेय, सर.”

“ठीक आहे. शोधा. आम्ही आहोत इथे.” थोडा वेळ गेला. “आता अपडेट काय आहे?”

“सर, मी मघाचंच शोधतेय.”

“नेटवर्कच्या बाजूने काय स्थिती?”

ठेकेदार कंपनीच्या मॅनेजरचा आवाज तुपात घोळून आल्यासारखा होता. “आमच्याकडून सगळं क्लीन आहे, सर. आम्ही कशालाही हात लावलेला नाही. बदल सर्व्हरच्या बाजूने झालाय.”

हे सगळ्यांना फार पटलं. ज्या बाई कोण ते कळलं नव्हतं, त्यासुद्धा “बरोबर आहे” म्हणाल्या.

“मग मागे घ्या ना ते अपग्रेड,” लेखा विभाग म्हणाला, पावती रद्द करायला सांगावी तसं.

“मागे घ्यायचं तर पेटी पुन्हा बंद करावी लागेल आणि त्याला संध्याकाळ होईल. आधी कारण शोधू द्या.” सर्व्हरबाईने आपला माईक बंद केला. मग जे बोलायचं ते बोलली. चादरींनी ते मुकाट ऐकून घेतलं.

त्याच वेळी तिच्या स्वतःच्या मोबाईलवर सासूबाईंचा फोन आला. एरवी तिने तो घेतला नसता, पण सासूबाई कामाच्या वेळी फोन करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“अगं, रागावू नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “मी तुझ्या हॉस्पिटलात आलेय.”

“आई! काय झालं?”

“काही झालं नाही. मोफत तपासणी आहे म्हणून कळलं, आले. डोळ्यापुढे कधीचं धुकं येतंय.”

“मग मला सांगायचं ना! मी नंबर लावून दिला असता.”

“म्हणूनच नाही सांगितलं. तुझ्या वशिल्याने आत घुसले असं कुणी म्हणायला नको. पण इथे सगळाच आनंद आहे गं. तास झाला बसलेय. कुणाचं नाव पुकारत नाहीत, कंप्युटर बंद आहे म्हणतात. कुणीतरी बावळटाने काहीतरी करून ठेवलंय वाटतं. भर शनिवारी, एवढी म्हातारी माणसं बसलेली असताना! अक्कल गहाण ठेवली होती का? तुझ्या ओळखीचं आहे का गं त्या खात्यात कुणी?”

सर्व्हरबाईने डोळे मिटले. “आहे, आई. बोलते मी तिच्याशी.”

“चांगली खरडपट्टी काढ.”

“काढते.”

नऊ वर्षांच्या संसारात सासूबाईंना एवढंच माहीत होतं, की सून हॉस्पिटलात कंप्युटरवर काहीतरी करते. म्हणजे बिलं वगैरे. सर्व्हरबाईनेही कधी उकलून सांगितलं नव्हतं आणि आजचा दिवस सांगायला फारसा मुहूर्ताचा नव्हता.

ती पुन्हा पेटीकडे वळली. पेटीच्या पाठीवर नेटवर्कच्या वायरी खोचायची चार कार्डं होती. ती एकेक करून बघत गेली आणि एका ठिकाणी तिची नजर अडली. जुन्या आवृत्तीत या कार्डांना जो क्रमांक होता, तो नव्या आवृत्तीने परस्पर बदलला होता. ज्या क्रमांकाचा आधार धरून सगळी बिऱ्हाडं बाहेर जात, तो आता भलत्याच कार्डाला चिकटला होता, आणि त्या कार्डात वायरच नव्हती. घराचं दार जिथल्या तिथे होतं, फक्त ते आता भिंतीत उघडत होतं.

“सापडलं!” ती जवळपास ओरडलीच. माईक चालू करून तिने कॉलवरही सांगितलं. कार्ड बदललं, जपून ठेवायचं बटण दाबलं. ठिपका हिरवा झाला.

“झालंय, सर.”

कॉलवर टाळ्या पडल्या. जनसंपर्क विभागाने लगोलग विचारलं, की हे आपण ‘विक्रमी वेळात’ असं लिहू शकतो का. साहेब म्हणाले, “मी नेहमी सांगतो, योग्य माणसं, योग्य वेळ...” आणि त्यांचं वाक्य दूरदृष्टीपर्यंत पोचायच्या आत स्वागतकक्षातून फोन आला. काहीही सुरू झालेलं नव्हतं.

टाळ्या थांबल्या. टाळ्या थांबल्यावरची शांतता किती वाईट असते, ते ज्याच्यासाठी त्या वाजलेल्या असतात त्यालाच कळतं.

“मॅडम,” साहेबांचा आवाज गार पडला होता, “तुम्ही म्हणालात झालं.”

“जे सापडलं ते झालं, सर. अजून काहीतरी आहे.”

“सर्व्हरच्या बाजूनेच असणार,” मॅनेजर तुपाळ आवाजात म्हणाला. “आम्ही कशालाही हात लावलेला नाही.”

पुन्हा सासूबाईंचा फोन.

“अगं, पाटी लागली!” सासूबाई उत्साहात होत्या. “टोकनची! आतापर्यंत काळी ठिक्कर होती. आत्ताच लागली. पण त्या काउंटरवरच्या मुली म्हणतात, आमचं अजून बंदच आहे. असं कसं? तू बोललीस का त्या बाईशी?”

“काय म्हणालात? पाटी लागली?”

“तेच सांगतेय. नंबर दिसतोय. नावं नाहीत.”

सर्व्हरबाई उठून उभी राहिली. टोकनच्या पाटीचं यंत्र त्याच पेटीतलं होतं. ते बाहेर पोचलं, म्हणजे दार उघडलं होतं, वायर शाबूत होती. मग बाकीची मंडळी का अडली? त्या एकाच वायरीतून वेगवेगळ्या वाटा जात. प्रत्येक वाटेला एक क्रमांक, आणि खाली स्विच नावाची जी पेटी असते, तिच्या तोंडाशी कोणत्या क्रमांकांना आत घ्यायचं ते भरलेलं असतं. टोकनची पाटी जुनी, ती बिनक्रमांकाच्या आम रस्त्याने जाई. पेटीच्या व्यवस्थापनाचा पडदाही त्याच रस्त्याने. म्हणूनच तो दिसत होता. नावनोंदणी, कागदपत्रं, औषधं यांच्या मात्र स्वतंत्र वाटा होत्या. म्हणजे आता खालचा स्विचच त्यांना दारातून परत पाठवत होता. आणि तो स्विच ठेकेदार कंपनीच्या ताब्यात होता, जिने कशालाही हात लावलेला नव्हता.

तिने कॉलवर हे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं.

“मॅडम,” मॅनेजर म्हणाला, “काल ते चालू होतं. आज तुम्ही अपग्रेड केलंत. आज बंद पडलं. तर्क आपण सगळेच करू शकतो.”

“तुम्ही एकदा स्विच उघडून बघा. पासवर्ड तुमच्याकडेच आहे.”

“बघायची गरज असती तर बघितलंच असतं.”

“मॅडम, आपण एकमेकांवर ढकलायला नको,” साहेब म्हणाले, आणि ढकलाढकलीत आपला धक्का म्हणून पुढे जोडलं, “त्यांनी सांगितलंय ना, हात लावलेला नाही म्हणून!”

सासूबाई अजून मोबाईलवरच होत्या. सर्व्हरबाईला वाटलं, निदान त्यांना तरी घरी पाठवावं. “आई, तुम्ही टॅक्सी करून जा. आज काही खरं नाही.”

“जाते कशाला? वेळ बरा जातोय. माझ्या शेजारी एक गृहस्थ बसलेत, वायरी जोडणारे. भला माणूस आहे. गुडघा धरलाय बिचाऱ्याचा, मघाशी नुसती शिडीवर चढउतार. मी त्यांना आपल्या घरच्या वायफायचं विचारलं. ते म्हणाले, राउटर फ्रीजच्या मागे ठेवू नका.”

“कसल्या वायरी, आई?”

“तो कपाटासारखा डबा आहे ना, हॉलसमोरच्या बोळात? त्यातला जुना खोका काढून त्यांनी नवा बसवला. सगळ्या वायरी जुन्यातल्या काढून नव्यात घातल्या, एकट्याने. मी बघत होते ना. म्हटलं, चुकत नाही का हो तुमचं? ते म्हणाले, रंग बघून घालतो, आजी.”

सर्व्हरबाई दाराकडे निघता निघता म्हणाली, “आई, त्यांना हलू देऊ नका. मी आले.”

“अगं, पण तू आज कामावर आहेस?”

जिन्यावरून उतरताना तिने कॉल चालू असलेला ऑफिसचा फोनही सोबत घेतला होता. त्यावर साहेब ठेकेदार कंपनीशी असलेल्या जुन्या स्नेहाबद्दल बोलत होते.

खालचा हॉल म्हणजे जत्राच झाली होती. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, उरलेली मंडळी भिंतींना टेकलेली. कित्येकांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करणारे थेंब आधीच घातलेले होते, आणि ते लोक काही दिसत नसल्यामुळे दुप्पट जोराने बोलत होते. मधोमध सासूबाई, मांडीवर पर्स, शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ आणि त्याच्या पायाशी आडवी ठेवलेली शिडी. त्याच्या हातात सासूबाईंची पाण्याची बाटली होती. म्हणजे ओळख चांगलीच मुरली होती.

“ही बघा माझी सून,” सासूबाई म्हणाल्या. “हिला त्या खात्यातली ती बाई माहितीय.”

“कोण ती? आणा तिला इथे!” मागच्या रांगेतून एक आजोबा गरजले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. “मीच ती,” सर्व्हरबाई म्हणाली. “वरची यंत्रं माझ्याकडे आहेत. अपग्रेड मी केलं.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग आजोबांकडे, मग परत सुनेकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मघाचा ‘बावळट’ हा शब्द येऊन गेला आणि परत जाण्यासाठी वाट शोधत राहिला. पण बाई पक्क्या होत्या. एका श्वासात त्यांनी बाजू बदलली.

“म्हणजे तू एकटी?” त्या हॉलला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. “एवढं मोठं हॉस्पिटल आणि हे सगळं हिच्या एकटीच्या गळ्यात! माणसं नकोत ठेवायला? आणि तुम्ही कसले ओरडताय हो तिच्यावर? मोफत आलाय ना?”

आपणही मोफतच आलो आहोत, हे सासूबाईंच्या गावीही नव्हतं.

सर्व्हरबाई शिडीवाल्याशेजारी बसली. तो संकोचून उठायला लागला. “बसा हो. मला एवढंच सांगा, नवा स्विच तुम्ही बसवलात?”

“हो, मॅडम. पुढच्या महिन्यात बसवायचा होता. पण ऑफिसने सांगितलं, तुमच्या साहेबांनीच मंजुरी दिलीय, शनिवारी दुपारी इमारत रिकामी असते, उरकून टाक. इथे येऊन बघतो तर ही गर्दी. दुपारीच ऑफिसात कळवलं, खोका बदललाय, आता आतलं तेवढं भरून घ्या म्हणून. पासवर्ड मॅनेजर साहेबांकडे असतो. तेव्हापासून वाट बघत बसलोय. ते कुठल्या तरी कॉलवर आहेत म्हणे.”

“आहेत खरे,” सर्व्हरबाई म्हणाली.

तिने कॉलवाला फोन शिडीवाल्याच्या आणि आपल्या मध्ये धरला आणि त्याचा आवाज मोठा केला.

“मॅनेजर साहेब, एकदाच विचारते,” ती म्हणाली. “आज तुमच्या कंपनीने आमच्या इमारतीत काही काम केलं का?”

“मॅडम, किती वेळा सांगू?” तुपाळ आवाज सगळ्या हॉलभर घुमला. “आमचा एकही माणूस आज साइटवर नाही. मी जबाबदारीने सांगतोय.”

शिडीवाल्याने आधी फोनकडे, मग सर्व्हरबाईकडे पाहिलं. त्याला नोकरी होती, घर होतं, गुडघा होता. पण आपण आहोत तिथे नाही असं चारचौघांत कुणी म्हटलेलं कोणालाच आवडत नाही.

“सर,” तो फोनमध्ये हळूच म्हणाला, “मी इथेच आहे.”

कॉलवर दूर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

“नवा स्विच बसवून झालाय, सर. तुम्हाला मेसेज टाकलाय. आतले नंबर भरायचे राहिलेत.”

“अच्छा, तो स्विच,” मॅनेजर म्हणाला, जणू इमारतीत असे दहा-बारा अजून होते. “मी तर... हात लावणं म्हणजे, बघा, बदल वेगळा आणि बदली वेगळी...”

“पासवर्ड सांगा हो आधी!” सासूबाई फोनकडे वाकून म्हणाल्या. “म्हातारी माणसं थांबलीत इथे!”

“या कोण?” साहेबांनी विचारलं.

“रुग्ण आहेत, सर,” सर्व्हरबाई म्हणाली.

पासवर्ड आला. शिडीवाल्याने बोळातल्या डब्यासमोर लॅपटॉप उघडला, सर्व्हरबाई त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि आपल्या डोक्यात असलेले वाटांचे क्रमांक एकेक करून सांगत गेली. तो जाड बोटांनी टाइप करत होता, प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवत होता. शेवटचा क्रमांक भरला आणि काउंटरवरची मुलगी किंचाळली, “आलं!” पाटीवर पहिलं नाव उमटलं. ज्यांना दिसत होतं त्यांनी ते ज्यांना दिसत नव्हतं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. नंबर लागला की माणसाला टाळ्या वाजवायला सवड कुठली!

सासूबाईंना वेळेत तपासलं. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, पण काळजीसारखं नाही, आणखी महिनाभराने बघू म्हणाले. बाहेर पडताना त्यांच्याही डोळ्यांत थेंब होते. रस्त्यावरचा उजेड त्यांना सोसवेना. त्यांनी पदर डोळ्यांवर घेतला आणि सुनेचा दंड धरला. एरवी त्या कुणाचा हात धरून चालणाऱ्या नव्हत्या.

टॅक्सीत सर्व्हरबाईच्या मोबाईलवर साहेबांचं पत्र आलं. सगळ्या हॉस्पिटलला.

“काय लिहिलंय? वाच,” सासूबाई पदराआडून म्हणाल्या.

“‘आजचं अपग्रेड यशस्वी झालं. मधल्या किरकोळ व्यत्ययात आमच्या भागीदार कंपनीने तत्परतेने केलेल्या सहकार्याबद्दल...’”

“कुठली भागीदार? तो तुपट?”

“हो.”

“आणि तुझं नाव?”

“नाही.”

“त्या शिडीवाल्याचं?”

“नाही.”

सासूबाईंनी डोळ्यांवरचा पदर जरा बाजूला केला आणि म्हणाल्या, “मी दुपारी काय काय बोलले तुला. मला काय ठाऊक ती तू आहेस. बिलं करतेस असंच धरून चालले होते.”

“मीही कधी सांगितलं नाही, आई.”

“आता सांग. नाही, आधी त्यांना लिही. काय झालं तेवढंच लिही. शिव्या घालू नकोस, मला घालाव्याशा वाटतायत तरी.”

सर्व्हरबाईने असं उत्तर आजवर कुणाला लिहिलं नव्हतं. ती लिहायची ते साहेबांपुरतं, ‘कृपया’ने सुरू होणारं आणि कुणीही न वाचलेलं. आज तिने सगळ्यांना उत्तर द्यायचं बटण दाबलं आणि चार ओळी लिहिल्या. नव्या आवृत्तीने कार्डांचे क्रमांक बदलले, ते चाचणी घेतली असती तर आधी कळलं असतं. स्विच न कळवता बदलला गेला. त्याच दुपारी तपासणी शिबिर ठेवलं गेलं. तिन्ही कामांना मंजुरी एकाच टेबलावरून गेली. दुरुस्ती करताना बोळात बसून मदत केली ती शिडीवाल्या गृहस्थांनी, आणि त्यांचं नाव तिने पूर्ण लिहिलं, कारण ते उठताना तिने विचारून घेतलं होतं. वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “गुडघ्याचं राहिलं.” ते तिने नाही लिहिलं. पाठवायचं बटण मात्र दाबलं, आणि मग टॅक्सी घरी पोचेपर्यंत फोन पालथा ठेवला.

सोमवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावलेले होते, पण उघड रागवावं तर पत्र सगळ्यांनी वाचलेलं होतं, आणि मुख्य शल्यविशारदांनी त्याखाली ‘चाचणीसाठी पेटी का नाही?’ असा एका ओळीचा प्रश्न टाकलेला होता. साहेब खूप वेळ टेबलावरचा काचेचा गोळा सरळ करत राहिले.

“पारदर्शकता चांगली आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण ती आधी मला दाखवत जा.”

दुसरी पेटी मंजूर झाली. ठेकेदार कंपनीने शिडीवाल्याला दुसऱ्या साइटवर हलवायचा घाट घातला होता, तो सर्व्हरबाईने हाणून पाडला. आमच्या इमारतीतला डबा दुसऱ्या कुणी उघडायचा नाही, असं तिने लेखी कळवलं, आणि तिच्या लेखी कळवण्याची आता जरा धास्ती बसली होती. मॅनेजरचं काय झालं? त्याला बढती मिळाली. अशा माणसांचं दुसरं काय होणार!

घरी मात्र सासूबाईंनी रोज संध्याकाळी प्रश्न विचारायला सुरुवात केली. एका पेटीत एवढी यंत्रं राहतात, तर भांडत नाहीत का? एकाने जास्त जागा अडवली तर? सर्व्हरबाई भाजी निवडता निवडता उत्तरं देई. आणि एकदा राउटर फ्रीजच्या मागून काढून कपाटावर ठेवताना सासूबाईंनी नवऱ्याला, म्हणजे सर्व्हरबाईच्या सासऱ्यांना, आपल्या पायाखालची खुर्ची धरायला उभं केलं आणि बजावलं, की मी सांगेपर्यंत एकाही वायरीला हात लावायचा नाही.